डाव्या कानाची मालकीण

लोसालिनेआत्यांना मांजरे मुळीच आवडत नसत, हे प्रथमच स्पष्ट केलेले बरे. पुढे जे घडले त्यावरून त्यांच्या हृदयाला मार्जारवात्सल्याचा पाझर फुटला होता असा समज टोंगातील वावाउ बेटावर सर्वत्र पसरला आहे, आणि तो निखालस खोटा आहे. मांजर कोणापुढे मान लववीत नाही, हाक मारली असता येत नाही, आणि आलेच तर कशासाठी आले ते सांगत नाही. हे तिन्ही गुण आत्यांच्या मते एका गावात एकाच व्यक्तीने बाळगावयाचे असतात, आणि फुआलोतो गावात ती जागा भरलेली होती.

मांजरे मात्र अतोनात झाली होती. चर्चच्या स्वयंपाकघराच्या छपरावर मांजरे, खोबऱ्याच्या जुन्या कोठारात मांजरे, नीरफणसाच्या बेचक्यात मांजरे. इथवरही गावाने सोसले असते. परंतु पूर्वजांच्या कबरींवर घरोघरच्या बायका समुद्रकाठची पांढरीशुभ्र वाळू आणून पसरतात, काळ्या गोट्यांनी तिला कड काढतात. आणि मऊ, कोरडी, उकरण्यास सोपी वाळू पाहून मांजराच्या मनात जो विचार येतो तो पितृभक्तीचा नसतो. गावप्रमुख लिसिआते एका सकाळी वडिलांच्या कबरीवर प्रार्थनेसाठी गुडघे टेकून बसला आणि ज्यावर टेकला ती वाळू नव्हती.

त्याच आठवड्यात गावसभा भरली. लिसिआते हा सरकारी शिक्क्याचा माणूस. शिक्का लहान, माणूस त्याहून लहान, आवाज तेवढा दोघांचा मिळून.

"पोत्यात भरायची, होडीत टाकायची आणि खडकापलीकडं समुद्रात सोडून द्यायची," तो म्हणाला. "विषय संपला."

आत्यांचे चटई विणणारे हात थांबले. मांजरांविषयी त्यांना काही म्हणावयाचे नव्हते. परंतु 'विषय संपला' हे दोन शब्द फुआलोतोत केवळ त्या उच्चारीत. ती वहिवाट होती.

"लिसिआते," त्या म्हणाल्या, "नोहानं मांजरं तारवात घेतली होती. तू ती होडीतून बाहेर टाकायला निघालास?"

सभेत खसखस पिकली. लिसिआतेचे कान लाल झाले.

"मग तुम्हीच सांगा काय करायचं, लोसालिनेबाई! घरी नेऊन पोसता का सगळी?"

"न्यूझीलंडहून जनावरांचे डॉक्टर नेइआफू बंदरात येतात दरवर्षी. यंदा इथं येतील. मांजरं पकडायची, नसबंदी करायची, होती तिथं सोडायची. आहेत तेवढी राहतील, वाढणार नाहीत. ख्रिस्ती माणसाला शोभेल असं काम." आणि हातातली पात ओढून त्यांनी पुस्ती जोडली, "विषय संपला."

डॉक्टर येतील हे त्यांनी डॉक्टरांना अद्याप विचारलेले नव्हते. पण विचारणे हा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी कळवले, आणि डॉक्टर आले.

पिंजरे आले ते आत्यांचा भाऊ केलेपी याच्या अंगणात उतरले. भावाच्या घरावर बहिणीचा हक्क म्हणजे काय, हे वावाउत सांगावे लागत नाही. आत्यांनी मागितले तर केलेपीने ट्रक द्यावा, ट्रकमधले पेट्रोल द्यावे, आणि ट्रक चालवावयास थोरला मुलगा मोसेसे द्यावा. मोसेसे चार मुलांचा बाप होता. गावाच्या रग्बी संघात तो पूर्वी ज्या जागी खेळे तिथे आता दोन माणसे उभी करावी लागत. आत्यांपुढे मात्र तो खांदे पाडून लहानग्यासारखा उभा राही.

"आत्या, पिंजऱ्यात आमिष काय ठेवू?"

हा प्रश्न त्याने कुंपणापाशी विचारला, हे चुकले. कुंपणापलीकडे फिफिता राहत असे. तिला कोणत्याही विषयाची माहिती नसली तरी मत असे.

"ऑक्टोपस ठेवा, आत्याबाई, वाळवलेला. माझ्या दोरीवरचा नको हं, तुमच्या दोरीवरचा."

कोणी कच्चा मासा सुचवला, कोणी भाजलेले कोनफळ. लिसिआतेने निरोप पाठवला की मांजरांना मेजवानीचे निमंत्रण धाडायचे असेल तर शिक्का मारून देतो. अखेर आत्यांनी दुकानातला स्वस्त मासा डब्यातून काढून ठेवला. मांजरांनी येऊन वास घेतला, एकमेकांकडे पाहिले आणि निघून गेली. त्यांचे बालपण चर्चच्या मेजवान्यांत गेले होते. तेव्हा अळूच्या पानांत नारळाच्या दुधासह गुंडाळून जमिनीतल्या भट्टीत शिजवलेले खारे मांस ठेवावे लागले, म्हणजे जे केलेपीला रविवारी मिळते ते.

पहिल्या दिवशी पिंजऱ्यात कोंबडी सापडली. पुढे केलेपीचेच एक डुकराचे पिल्लू आत शिरले आणि मांस संपवून तिथेच फुगून बसले, त्यामुळे पिंजरा उघडला तरी पिल्लू निघेना. त्यानंतर पाद्रीसाहेबांचा हात सापडला.

"यंत्रणा कशी आहे ते पाहत होतो," पाद्रीसाहेब कोपरापर्यंत अडकलेल्या अवस्थेत शक्य तितक्या गंभीरपणे म्हणाले.

"बरोबर आहे," आत्या म्हणाल्या. "आणि चवीला कशी आहे?"

हात सोडवला गेला. परंतु पाद्रीसाहेबांच्या मनात धर्मप्रश्न उभा राहिला, आणि अडकलेल्या हातापेक्षा तो अवघड निघाला. टोंगात रविवारी कोणी काम करीत नाही. कायदाच तसा आहे. मग शनिवारी मांडलेल्या पिंजऱ्यात रविवारी मांजर सापडले, तर काम कोणी केले? चर्चच्या पायरीवर यावर अर्धी दुपार चर्चा झाली. एक पक्ष म्हणाला, पिंजऱ्याने केले. दुसरा म्हणाला, पिंजरा आपल्या मेथडिस्ट पंथाचा नाही. शेवटी पाद्रीसाहेबांनी निर्णय दिला की मांजर स्वतःच्या पायांनी आत गेले, आमिष स्वतःच्या तोंडाने खाल्ले, दार स्वतःच्या वजनाने पाडले; सबब रविवार मोडण्याचे पाप मांजराचे. मांजरांनी हे पाप मोठ्या संख्येने केले. सोमवारी सकाळी सगळे पिंजरे भरलेले होते, आणि गाव म्हणाले की यात काहीतरी दैवी आहे. दैवी काही नव्हते. रविवारी मेजवानी चर्चमध्ये नसून पाद्रीसाहेबांच्या घरात दार लावून झाली होती आणि मांजरे उपाशी राहिली होती, इतकेच.

चर्चच्या सभागृहात, बायका जिथे एकत्र बसून गोधड्या शिवतात त्या लांब टेबलावर शस्त्रक्रिया सुरू झाल्या. डॉक्टरीणबाई ब्रॉन्विन ही हडकुळी, तरतरीत मुलगी. गावच्या बायका पंखे घेऊन भोवती बसल्या आणि मांजरांना धीर यावा म्हणून त्यांनी स्तोत्रे म्हटली. मांजरे भूल देऊन निजवलेली होती, तेव्हा धीर कोणाला आला हे सांगता येत नाही. फिफिता दर शस्त्रक्रियेनंतर "झालं? एवढंच?" असे विचारी आणि दाराशी बसलेल्या नवऱ्याकडे अर्थपूर्ण नजरेने पाही. तिसऱ्यांदा पाहिल्यावर तो उठून मासे पकडायला गेला.

पहिले मांजर आटोपल्यावर डॉक्टरीणबाईने आत्यांना विचारले. आत्यांना इंग्रजी उत्तम येई. मात्र त्या ते उपकारादाखल बोलत.

"पुन्हा हेच मांजर पकडलं जाऊ नये म्हणून कानाला खूण करतो आम्ही, आजी. भूल आहे तोवर, दुखत नाही. कोणता कान कापू?"

"डावा," आत्या म्हणाल्या. "टोकाकडून. सरळ."

त्यांनी क्षणाचाही विचार केला नाही, आणि हीच या कथेतली त्यांची एकमेव चूक होय. डावा, टोकाकडून, सरळ: हे शब्द त्या लहानपणापासून उच्चारीत आल्या होत्या. डुकरीण व्याली की केलेपीने सुरी घेऊन यावे, आत्यांनी हे शब्द उच्चारावे, आणि पिल्लांनी किंचाळावे, असा त्यांच्या घरचा परिपाठ होता. फुआलोतोत डुकरांना कुंपण नसते. ती ओहोटीला खडकांपर्यंत जाऊन शिंपले खातात, वाटेल तिथे लोळतात. कोणाचे डुक्कर कोणते हे केवळ कानावरून ठरते. लिसिआतेच्या घराची खूण उजव्या कानाला चीर. आत्यांच्या घराची खूण आजोबांपासून एकच: डाव्या कानाचे टोक सरळ उडवलेले.

डॉक्टर परत गेले. गावातील झाडून सगळी मोकाट मांजरे डाव्या कानाचे टोक उडवलेल्या अवस्थेत आपापल्या जागी सोडली गेली. आत्यांनी समाधानाने चटई हातात घेतली.

प्रथम फिफिता आली. ती एरवी कुंपणावरून बोले. त्या दिवशी पुढच्या दाराने आली आणि दाराशी मांडी घालून अदबीने बसली. हे लक्षण वाईट असते.

"आत्याबाई, सांगायला जीभ रेटत नाही."

"मग नको सांगूस."

"तुमच्या मांजरानं माझा ऑक्टोपस खाल्ला. दोरीवरचा. सगळा."

"माझ्या मांजरानं?"

फिफिताने आपल्या डाव्या कानाच्या पाळीला दोन बोटे लावली.

त्यामागून पाद्रीणबाई आल्या: आत्यांच्या मांजरीने पाहुण्यांसाठी भाजलेल्या डुकराचे नाक खाल्ले होते, आणि नाकाविना डुक्कर पाहुण्यांपुढे ठेवणे म्हणजे त्यांचेच नाक कापणे. कोणाच्या कोंबड्या गेल्या होत्या. कोणाच्या आजीच्या मयतासाठी ठेवलेल्या, झाडाची साल कुटून केलेल्या सालकापडावर पिल्ले झाली होती. ती नसबंदीपूर्वीची होती, तरी आईचा कान आता डावा होता. प्रत्येकजण मानाच्या प्रसंगी बांधतात तशी चटई कमरेला बांधून येई, मांडी घालून बसे, प्रथम हवेविषयी बोले, मग आत्यांच्या दिवंगत वडिलांची स्तुती करी, आणि मग डाव्या कानाच्या पाळीला बोटे लावी. गावचा नियम असा की जनावराने नासधूस केली तर मालकाने भरपाई द्यावी.

"ती मांजरं कुणाचीच नाहीत!" आत्या मोसेसेला म्हणाल्या. "मी कान कापला, पाळली नाहीत! सांग त्यांना!"

मोसेसेने पायाच्या अंगठ्याने जमीन उकरली. "सांगितलं, आत्या. ते म्हणतात, कान कापला की तुमचंच. डुकराला तर तुम्हीच तसं म्हणता."

लिसिआते याच वाक्याची वाट पाहत होता. त्याने गावसभा बोलावली. हातात कागद घेतला. कागद कोरा होता, पण त्याने भारदस्तपणा येतो.

"लोसालिनेबाई, मी काही बोलत नाही हं. मी फक्त विचारतो. डाव्या कानाचं टोक उडवलेलं जनावर तुमचं की नाही? असेल, तर मांजरांनी खाल्लं ते भरून द्या. नसेल, तर..." त्याने सगळ्यांकडे पाहून घेतले. "नसेल, तर खडकांवर चरताहेत ती डाव्या कानाची डुकरंही कुणाचीच नाहीत. ज्याला सापडेल त्याची."

बऱ्याच जणांच्या चेहऱ्यावर एकाएकी खडकांकडे फिरायला जावे असा भाव उमटला.

आत्यांना प्रथमच आपल्या बसण्यात काही चुकते आहे असे वाटले. प्रश्न डुकरांचा तर होताच. केलेपीच्या घरचे प्रत्येक लग्न, प्रत्येक मयत त्या डुकरांवर उभे होते. पण खूण आजोबांची होती. आजोबांनी वारसा म्हणून दिले ते दोनच: एक ती खूण, आणि दुसरे हे नाक, जे कधी खाली झाले नव्हते. मांजरे नाकारावीत तर खूण जाते. स्वीकारावीत तर केलेपीचे घर धुऊन निघते. केलेपी कोपऱ्यात बसला होता. त्याने बहिणीकडे पाहिले नाही, कारण भावाने बहिणीकडे असे पाहू नये. त्याने केवळ मान खाली घातली, आणि ती मान आत्यांना दिसली.

"मांजरं माझी," आत्या म्हणाल्या.

"सगळी?" लिसिआतेचा कागद हातातून पडला.

"डावा कान, टोकाकडून, सरळ. सगळी माझी. शनिवारी चर्चच्या पटांगणात या, चटया बांधून. ज्याचं त्याला मिळेल. विषय संपला."

आठवडाभर गावात आनंदीआनंद होता. फिफिताने मोठ्या परड्या धुऊन वाळत घातल्या. पाद्रीणबाईंनी नाक शाबूत असलेल्या डुकरासाठी पसरट थाळा काढला. मोसेसे रोज ट्रकमधून पिंजरे घेऊन हिंडे, आणि अळूची पाने, नारळाचे दूध व खारे मांस केलेपीच्या घरातून नित्य बाहेर जाई. यावेळी पिंजऱ्यात मांजराखेरीज काही सापडले नाही. पाद्रीसाहेब लांबून वळसा घालून जात.

शनिवारी पटांगणात गाव लोटले. मधोमध, जिथे एरवी मेजवानीची डुकरे ओळीने मांडतात, तिथे उत्तम सालकापडाखाली काहीतरी ओळीने मांडलेले होते. कापड हलत होते. कापडाखालून आवाजही येत होता, पण माणूस लोभात असला की ऐकू कमी येते.

आत्या आजोबांच्या वेळची जुनी, कडा उसवलेली चटई कमरेला बांधून आल्या. अशी चटई जितकी जुनी तितका मान. त्यांनी म्हाताऱ्या सोलोमोनेला खूण केली. मेजवानीत कोणते डुक्कर कोणाच्या घरी जाते हे खणखणीत आवाजात पुकारण्याचा मान सोलोमोनेच्या घराण्याकडे पिढ्यान् पिढ्या होता, आणि एकदा त्याने पुकारले की दान पूर्ण झाले. ते नाकारणे म्हणजे देणाऱ्याचा अपमान, आणि त्यापेक्षा आपल्या आईबापांचा. आजवर फुआलोतोत कोणी नाकारले नव्हते.

मोसेसेने कापड ओढले. सोलोमोने छाती भरून ओरडला:

"पाद्रीसाहेबांच्या घराला! केलेपीच्या घराकडून, मानाचं दान! एक मांजरी, करडी, मोठी, वांझ, दात उत्तम!"

पाद्रीसाहेब आपोआप उठले. जन्मभराची सवय पायांना असते, पाय पुढे गेले, हात पुढे झाले, आणि पिंजरा हातात आला तेव्हा तोंडातून जन्मभराचे शब्द बाहेर पडले: "फार मोठं दान. आम्ही धन्य झालो."

"फिफिताच्या घराला! ठिपक्यांचा बोका, ऑक्टोपसाची आवड असलेला!"

"अगं बाई, मला नको गं..." फिफिता पुटपुटली. शेजारणीने तिला कोपराने ढोसले. ती उठली, पिंजरा घेतला आणि रडवेल्या सुरात धन्य झाली.

घरामागून घर पुकारले गेले. मानाच्या क्रमात तसूभर चूक नव्हती. थोरल्या घराला थोरले मांजर, धाकट्याला धाकटे, दूरच्या पुतण्याला एक डोळा असलेले. आत्या मान ताठ ठेवून समोर पाहत होत्या. मागच्या रांगांत कोणीतरी प्रथम फिसकन हसले, मग ते हसू चटयांखालून पसरत गेले, आणि अखेर ज्यांच्या हाती पिंजरा आला होता ते ज्यांच्या हाती यायचा होता त्यांना हसू लागले.

लिसिआते शेवटच्या रांगेतून हळूच मागे सरकत होता.

"आणि गावप्रमुखांच्या घराला!" सोलोमोनेचा आवाज खाडीपार गेला. "सर्वांत मोठं दान! तांबडा बोका!"

तांबडा हा तोच, ज्याला पकडताना मोसेसेची दोन बोटे बांधावी लागली होती. पिंजऱ्यात तो एखाद्या सरदारासारखा बसला होता, आणि त्याच्याइतका अपमानित चेहरा पटांगणात आणखी एकच होता.

लिसिआते पुढे आला. गावप्रमुखाला नुसते धन्य होऊन भागत नाही. त्याला भाषण करावे लागते, आणि भाषणाची रीत ठरलेली: कोणी दिले, कोणत्या खुणेचे दिले, हे सर्वांसमक्ष नाव घेऊन सांगावे.

"लोसालिनेबाई..." तो थांबला.

"ऐकू येत नाही, लिसिआते," आत्या मृदूपणे म्हणाल्या. "वय झालं माझं."

"लोसालिनेबाई आणि केलेपी यांच्या घरानं," लिसिआते दातओठ खात म्हणाला, "आपल्या वाडवडिलांच्या खुणेचं, डाव्या कानाचं, टोकाकडून सरळ, जनावर आम्हाला दिलं. ही खूण गावाला ठाऊक आहे. ती त्यांचीच आहे. आम्ही... धन्य झालो."

केलेपीने मान वर केली. त्याने बहिणीकडे आताही पाहिले नाही. पण दूर खडकांवर डाव्या कानाची डुकरे शिंपले फोडीत होती, त्यांच्याकडे तो बराच वेळ पाहत राहिला.

"म्हणजे भरपाई?" कोणीतरी मागून विचारले.

"दान घेऊन वर भरपाई मागणारं घर फुआलोतोत कुठलं?" आत्यांनी विचारले. हात कोणी वर केला नाही.

"आणि हा आता कुणाचं काही खाईल तर?" लिसिआतेने पिंजरा अंगापासून दूर धरीत विचारले.

उत्तर आत्यांनी दिले नाही. फिफिताने दिले, आणि तिचा सूर एकदम खुलला होता. "मग आम्ही तुमच्या दाराशी येऊ की, गावप्रमुख! चटई बांधून!"

अशा रीतीने फुआलोतोतील मोकाट मांजरांचा प्रश्न सुटला. मोकाट मांजर एकही उरले नाही. प्रत्येकजण आपले मांजर घरी बांधून, पोट भरून ठेवू लागला, कारण शेजाऱ्याला अदबीने बसायला संधी देण्याची कोणाचीच तयारी नव्हती. आत्यांनी स्वतःसाठी एकही ठेवले नाही.

राहता राहिला तांबडा. दान मिळालेल्या जनावरावर नव्या मालकाने आपली खूण करावयाची असते. तोवर लोक त्याला जुन्याच घराच्या नावाने ओळखतात, आणि हे लिसिआतेला सोसणे शक्य नव्हते. त्याच्या घराची खूण म्हणजे उजव्या कानाला चीर. सोमवारी त्याने सुरीला धार लावली, बाह्या वर सारल्या आणि पिंजऱ्याचे दार उघडले. तांबडा बाहेर आला, समोर बसला, आणि प्रथम सुरीकडे व मग लिसिआतेकडे त्याने शांतपणे पाहिले.

तांबड्याचा उजवा कान आजही अखंड आहे. लिसिआतेच्या उजव्या कानाला चीर आहे.